कॉर्न स्नेकच्या पिल्लाला खाऊ कसं घालावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. चार वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टाला मान देऊन कॉर्न स्नेकचं पिल्लू घरी आणलं. वजन ७ ग्रॅम, लांबी फुटाहून थोडी कमी, जाडी बुटाच्या नाडीएवढी. आज तो साप चांगला मोठा झालाय, पण त्याच्या पहिल्या सहा महिन्यांत मी जेवढी घाबरले तेवढी लेकीच्या तान्हेपणीही घाबरले नव्हते. आता ओळखीतल्या मराठी घरांतून फोन येतात आणि बहुतेक प्रश्न जेवणाचेच असतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कॉर्न स्नेकपुरती आहेत. अजगराच्या किंवा दुसऱ्या जातीच्या पिल्लाची मापं आणि तापमानं वेगळी असतात.

कॉर्न स्नेकच का? आणि तो कुठेही पाळता येतो का?

हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. आपल्याकडच्या धामण आणि तस्कर सापांच्या कुळातला. भक्ष्याला विळखा घालून मारतो आणि गिळतो. मक्याच्या कोठारात उंदरांच्या मागे येतो म्हणून, किंवा पोटावरची नक्षी मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून, हे नाव पडलं असं सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या घरात वाढल्याने स्वभावाने शांत असतो. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो, त्यामुळे मुलगी कॉलेजला गेल्यावर त्याला कोण भरवणार हे आधीच ठरवा.

ब्रिटनमध्ये त्याला परवाना लागत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र तो ठेवणं बेकायदा आहे, न्यूझीलंडमध्ये आणि हवाईत कुठलाच साप पाळता येत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तो तिथलाच रानटी साप असल्यामुळे घरात ठेवायला बंदी आहे. मेलबर्नहून एका मावशींनी मला ‘पिल्लू कुठे मिळेल’ विचारलं होतं, त्यांना हेच सांगावं लागलं.

पिल्लू आजच आलं. लगेच खायला द्यायचं का?

नाही. पाच ते सात दिवस त्याला एकटं सोडा. पाणी बदला, तापमान बघा, बाकी हात लावू नका. नवीन जागेत घाबरलेलं पिल्लू खात नाही, आणि खाल्लं तरी ओकून टाकण्याची भीती असते.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो. साधारण आठवडा-दहा दिवसांनी ते पहिली कात टाकतं आणि त्यानंतरच त्याला पहिली भूक लागते. म्हणून विकत घेताना विचारायचा खरा प्रश्न हा: ‘याने आतापर्यंत किती वेळा खाल्लं, काय खाल्लं, आणि शेवटचं कधी?’ गोठवून वितळवलेले उंदीर निदान तीन-चार वेळा स्वतःहून खाल्लेलं पिल्लूच घ्या. जो विकणारा तारखा दाखवू शकत नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका, मग रंग कितीही सुंदर असो.

तो नेमकं काय खातो? दूध, अंडं, चिकनचा तुकडा चालेल का?

अख्खा उंदीर. दुसरं काही नाही. नवजात उंदराच्या पिल्लाला, ज्याला केस फुटलेले नसतात, सगळे ‘पिंकी’ म्हणतात. लव आलेलं पिल्लू म्हणजे ‘फझी’, डोळे उघडून उड्या मारायला लागलेलं ‘हॉपर’. दुकानात हेच शब्द चालतात. अख्ख्या उंदरात मांस, हाडं, यकृत सगळं असतं, त्यामुळे वेगळी कॅल्शियमची पूड वगैरे लागत नाही. चिकनच्या तुकड्यात हाडं-आतडी नसतात, त्यावर साप वाढत नाही.

दुधाचं वेगळं सांगते. माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. पिल्लू दोन आठवडे खात नव्हतं तेव्हा त्या काळजीनेच म्हणाल्या, ‘अगं, वाटीभर दूध तरी ठेव त्याच्यापुढे.’ नागपंचमीला लहानपणापासून जे पाहिलं तेच त्या सांगत होत्या. पण साप हा सरपटणारा प्राणी. त्याच्या आईला दूध नसतं आणि दूध पचवण्याची सोय त्याच्या पोटात नसते. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो तो कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेला असतो म्हणून. तहानेने तो समोरचं काहीही पितो आणि त्यातून आजारी पडतो. सासूबाईंना हे समजावल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग रोज सकाळी त्याचं पाणी बदलायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

आमचं घर शाकाहारी आहे. काही पर्याय?

पर्याय नाही. सापाला शाकाहारी करता येत नाही. फ्रीझरमध्ये उंदरांची पिशवी ठेवणं, दर आठवड्याला ती हातात घेणं, हे घरातल्या सगळ्यांना मनापासून चालणार असेल तरच साप आणा. एका घरात आजोबांपासून लपवून डबा ठेवला गेला, तो त्यांच्याच हाती लागला आणि महिन्याभरात साप दुसऱ्याला द्यावा लागला. आजोबांचं काही चुकलं नव्हतं. पिल्लू आणण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं.

आमच्याकडे तोडगा असा निघाला: गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर. ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर करावं.

केवढा उंदीर द्यायचा आणि किती दिवसांनी?

सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग बघा. उंदीर तेवढाच जाड, फार तर दीडपट. गिळल्यावर अंगावर हलकासा फुगवटा दिसला की माप बरोबर. सापाचा खालचा जबडा दोन भागांचा असतो, मध्ये ताणणारे बंध असतात. त्यामुळे तो डोक्यापेक्षा मोठा घास घेऊ शकतो. जबडा निखळत वगैरे नाही. पण गिळता येतं म्हणून पचतंच असं नाही.

मी वजनावर चालते. ढोबळ मापं अशी:
५ ते १५ ग्रॅमचं पिल्लू: एक पिंकी, पाच-सात दिवसांनी.
१५ ते ३० ग्रॅम: दोन पिंकी किंवा एक लहान फझी, त्याच अंतराने.
३० ते ५० ग्रॅम: एक फझी, आठवड्याने.
५० ते ९० ग्रॅम: एक हॉपर, आठवड्याने.
त्यापुढे दूध सुटलेला छोटा उंदीर, सात ते दहा दिवसांनी. पूर्ण वाढलेल्या सापाला दोन आठवड्यांतून एक मोठा उंदीर पुरतो.

यासाठी ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा घ्या आणि तो फक्त सापासाठीच ठेवा. छोट्या डब्यात पिल्लू ठेवून आठवड्यातून एकदा, जेवणाआधी, वजन करा आणि वहीत लिहा. तारीख, वजन, काय दिलं, खाल्लं की नाही, शी कधी केली, कात कधी टाकली. पिल्लू बिघडलं की पशुवैद्य सर्वांत आधी हेच विचारतात, आणि तेव्हा आठवणीवर विसंबून चालत नाही.

जिवंत उंदीर दिला तर जास्त नैसर्गिक नाही का?

रानात साप पळू शकतो, काचेच्या पेटीत नाही. घाबरलेला उंदीर सापाचे डोळे, तोंड, पाठ चावून फाडतो. नवजात पिंकी चावू शकत नाही हे खरं, पण पिल्लाला जिवंत भक्ष्याची सवय लागली की पुढे तीच सवय मोडणं कठीण जातं. शिवाय उंदराचे हाल होतात ते वेगळेच. म्हणून पहिल्या दिवसापासून गोठवून वितळवलेलेच द्या.

घरात पकडलेला उंदीर किंवा पाल कधीही देऊ नका. त्यांच्या अंगात जंत असतात, आणि शेजाऱ्याने टाकलेलं उंदराचं औषध त्या उंदराने खाल्लं असेल तर ते सापाच्या पोटात जातं.

गोठवलेला उंदीर वितळवायचा कसा?

घाई झाली की चूक इथेच होते. आदल्या रात्री बंद डब्यात फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. पिंकी एवढीशी असते, काही तासांत वितळते. द्यायच्या आधी घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून नळाच्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. उकळतं पाणी नको, त्याने कातडी शिजते आणि पोट फुटतं. मग हलकेच दाबून बघा: मध्ये कडक गोळा लागता कामा नये. आत बर्फ राहिलेला उंदीर सापाच्या पोटात गेला की पचन थांबतं.

साप भक्ष्य ओळखतो ते वासाने आणि उबेने. त्यामुळे उंदीर हाताला कोमट लागायला हवा, जिवंत प्राण्याच्या अंगाएवढा. थंड पिंकीकडे बरीच पिल्लं बघतही नाहीत.

मायक्रोवेव्ह वापरू नका. एक बाजू शिजते, दुसरी गोठलेली राहते. आणि एकदा वितळवलेला, सापाने नाकारलेला उंदीर परत गोठवू नका. टाकून द्या.

प्रत्यक्ष भरवताना काय करायचं?

संध्याकाळ झाल्यावर भरवा. कॉर्न स्नेक तिन्हीसांजेला आणि रात्री हिंडतो. लांब चिमटा वापरा, एक फुटाच्या आसपास. हाताने भरवू नका: सापाला बोट आणि पिंकी यातला फरक उबेवरून कळत नाही. पिंकीला कमरेजवळ धरून डोक्याची बाजू सापाकडे करा, हळू पुढे न्या, किंचित हलवा. त्याने झेप घेऊन विळखा घातला की चिमटा सोडा आणि खोलीतून बाहेर जा. मुलांना बघायचं असतं, तर त्यांना लांब, शांत बसवा, दिवा मंद ठेवा. साप डोक्याकडून गिळतो, पण कधी पायाकडून सुरुवात करतो. मध्ये पडू नका, तो स्वतः मार्ग काढतो. गिळून झाल्यावर मोठी जांभई दिल्यासारखं तोंड उघडतो, ते जबड्याचे ताणलेले भाग परत नीट जुळवण्यासाठी. आमच्या घरी त्या जांभईची सगळे वाट बघत बसतात.

खाली लाकडाचा भुसा असेल तर तो ओल्या पिंकीला चिकटून पोटात जाऊ शकतो. पिल्लं लहान असेपर्यंत मी खाली किचन पेपरच अंथरते. शी कशी आहे तेही त्यावर चटकन दिसतं.

दुसऱ्या डब्यात काढून भरवावं म्हणजे पेटीत हात घातल्यावर चावत नाही, हे खरं का?

जुना समज. आठवड्यातून एकदा पेटीत जेवण मिळालं म्हणून साप हातावर हल्ला करायला शिकत नाही. उलट खाल्ल्या खाल्ल्या उचलून परत ठेवलं की ओकण्याची शक्यता वाढते. त्याच्या जागेतच भरवा. पेटीत हात घालण्याआधी कागदाच्या नळीने हलकेच अंगाला स्पर्श केला की त्याला कळतं, आज जेवण नाही.

दोन पिल्लं मात्र एकत्र कधीच नकोत. दोघांनी एकाच पिंकीची दोन टोकं पकडली तर एक दुसऱ्याला गिळू शकतो.

पिल्लू खातच नाही. काय करू?

सर्वांत जास्त फोन याच्यासाठी येतात, आणि बहुतेकदा उत्तर ‘थांबा’ असंच असतं.

आधी डोळे बघा. डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर कात टाकायची वेळ आली आहे. त्या आठवड्यात बहुतेक पिल्लं खात नाहीत, कात टाकल्यावर भुकेने खातात. मग तापमान मोजा, अंदाजाने नव्हे तर थर्मामीटरने. पेटीची एक बाजू २८ ते ३० अंश सेल्सियस, दुसरी २२ ते २४. हीट मॅटला (पेटी गरम ठेवणाऱ्या विजेच्या चटईला) थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवाक्यात ठेवणारं यंत्र, हवाच. मग लपायच्या जागा: ऊबेच्या बाजूला एक, थंड बाजूला एक, अंग चिकटून बसेल इतक्या अरुंद. मोठ्या उघड्या पेटीत बोटभर पिल्लाला असुरक्षित वाटतं आणि ते खात नाही.

हे सगळं ठीक असेल तर पिल्लू आणि कोमट पिंकी भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात किचन पेपरसह ठेवा, डबा पेटीतच उबेच्या बाजूला ठेवा आणि रात्रभर उघडू नका. अंधारात, कोणी बघत नसताना, आमच्या पिल्लाने पहिल्यांदा असंच खाल्लं. पिंकी साध्या कोमट पाण्याने धुऊन, वास कमी करून दिली तरी काही पिल्लं घेतात. रानात ही पिल्लं छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात, त्यामुळे काहींना उंदराचा वास सुरुवातीला ओळखीचा वाटत नाही.

नकार दिला तर पाच-सात दिवस थांबूनच परत विचारा. रोज समोर पिंकी नाचवली की पिल्लू तिला घाबरायला लागतं. मी नेमकं हेच केलं होतं: पाच दिवसांत चार वेळा. पुढचे दोन आठवडे ते पिंकी दिसली की मागे सरकायचं. लागोपाठ तीन-चार जेवणं नाकारली, किंवा वजन दहा टक्क्यांनी उतरलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा. तोंड उघडून जबरदस्तीने भरवणं घरी करू नका. कोवळा जबडा आणि घसा फाटतो.

खाल्लेलं ओकून टाकलं. लगेच दुसरं देऊ का?

मुळीच नाही. हे नीट वाचा, कारण पिल्लं याच घाईत दगावतात.

ओकताना पोटातलं आम्ल आणि पाचकरसही बाहेर जातात, अन्ननलिका भाजते. पोटाला सावरायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी ‘बिचारं उपाशी आहे’ म्हणून पिंकी दिली की ते पुन्हा ओकतं, आणि दुसऱ्यांदा ओकणं पहिल्यापेक्षा फार वाईट. दहा ते चौदा दिवस फक्त स्वच्छ पाणी. मग नेहमीच्या निम्म्या मापाचं, मिळेल ती सर्वांत छोटी पिंकी. ती पचून शी झाली की आणखी एक-दोन जेवणं छोटीच. पुन्हा ओकलं तर पशुवैद्य. जंत किंवा आतड्यातला संसर्ग असू शकतो.

कारणं सहसा तीन: पेटी थंड, घास मोठा, खाल्ल्यावर लवकर उचललं. आमच्याकडे थर्मोस्टॅटचा सेन्सर जागेवरून सरकला होता. पेटी रात्रभर गार राहिली, सकाळी अर्धवट पचलेली पिंकी पाण्याच्या वाटीशेजारी पडलेली. लेक रडत होती, मी बारा दिवस मोजत होते. आता सेन्सर टेपने पक्का केला आहे आणि झोपताना एकदा तापमान वाचते.

जेवणानंतर किती वेळाने हातात घ्यायचं?

कमीत कमी ४८ तास नाही. फुगवटा दिसत असेपर्यंत नाही.

तो रोज रात्री काचेशी येऊन जीभ काढतो. भुकेला असेल ना?

जीभ काढणं म्हणजे वास घेणं. साप खायला मिळालं की घेतो, त्याला रानात पुढचं जेवण कधी मिळेल ठाऊक नसतं. म्हणून त्याच्या भुकेवर नाही, वहीवर विश्वास ठेवा. लवकर मोठा व्हावा म्हणून ठरल्यापेक्षा जास्त भरवलेली पिल्लं ओकतात, चरबी साठून सुस्तावतात आणि त्यांचं आयुष्य कमी होतं. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढायची पद्धत, पण सापाच्या पोटात आग्रहाचा घास पचत नाही.

घरात तान्हं बाळ आहे. उंदीर आणि साप यांच्यापासून काही धोका?

आहे, साल्मोनेलाचा. हे जंतू निरोगी सापाच्या विष्ठेतही असतात आणि गोठवलेल्या उंदरांतही. गोठवल्याने ते मरत नाहीत. खाद्य म्हणून विकलेल्या गोठवलेल्या उंदरांमुळे माणसं आजारी पडल्याची उदाहरणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे आरोग्य यंत्रणांनी नोंदवली आहेत. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी साप, त्याची पेटी आणि उंदीर यांना हात लावू नये.

बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत, आधी आणि नंतर. उंदीर वितळवायचं भांडं, चिमटा, काटा वेगळे ठेवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि भांडी घासायच्या सिंकमध्ये हे काम नको. माझ्याकडे एक जुनं पातेलं आहे, ते फक्त गॅरेजमध्येच असतं. सापाची पाण्याची वाटीही तिथेच धुते.

चावला तर?

एवढ्या पिल्लाचे दात मागे वळलेल्या बारीक सुयांसारखे असतात, विष नसतं. साबणाने धुवा. चिकटून राहिला तर ओढू नका, त्याचे दात तुटतात. गार पाण्याखाली धरलं की सोडतो.

गावी पावसाळ्यात घरात सापाचं पिल्लू सापडलं. ते असंच वाढवता येईल का?

नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे आणि इथले साप घरात ठेवणं गुन्हा आहे, मग ती धामण असो, दिवड असो की मांडूळ. सायटिसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतल्या परदेशी जाती ठेवणाऱ्यांनाही आता सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि कायद्याइतकीच मोठी गोष्ट: मण्यारीचं पिल्लू आणि बिनविषारी कवड्याचं पिल्लू यांत जाणकारांचीही गफलत होते, आणि मण्यार अंड्यातून बाहेर येते तीच विष घेऊन. मुलांना लांब करा, पिल्लावर नजर ठेवा, आणि महाराष्ट्रात असाल तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

दिवाळीला तीन आठवडे भारतात जायचंय. पिल्लाचं काय?

जाण्याच्या तीन-चार दिवस आधी शेवटचं जेवण द्या, म्हणजे ते पचून गेलेलं तुम्हाला दिसेल. मोठा साप तीन आठवडे उपाशी सहज राहतो. ५० ग्रॅमच्या पुढचं, व्यवस्थित खाणारं पिल्लूही एक-दोन जेवणं चुकली तरी बिघडत नाही. पण नुकतंच खायला लागलेल्या पिल्लासाठी मी तिकिटं काढण्याआधी साप पाळलेलं दुसरं घर शोधते आणि पेटी, थर्मोस्टॅट, वही सगळं तिथे नेऊन ठेवते. तिथेही पहिले पाच दिवस खायला द्यायचं नाही.

शेजाऱ्यांवर सोपवत असाल तर त्यांना फक्त दोन कामं सांगा: रोज ताजं पाणी, आणि थर्मामीटरवरचा आकडा फोटो काढून पाठवणं. उंदीर वितळवून भरवायला सांगू नका. आमच्या शेजारच्या आजी रोज सकाळी फोटो पाठवायच्या, पुण्यात आम्ही दुपारच्या जेवणाला बसलेलो असायचो आणि लेक आधी तो आकडा बघायची, मग ताटाकडे.

परत आल्यावर?

आधी वजन. मग नेहमीपेक्षा लहान घास.